वेदनाग्रस्त रुग्णाची सत्त्वपरीक्षा : दोन प्रश्नांची जोड

कटिशूल, मन्याशूल व संधिगतवाताचे रुग्ण आपणा सर्वांच्या चिकित्सालयांत मोठ्या संख्येने येतात. दर्शन, स्पर्शन, प्रश्न यांनी त्यांची परीक्षा होते, क्ष-किरण चित्र पाहिले जाते आणि स्नेहन-स्वेदनास आरंभ होतो. दशविध परीक्षेतील सत्त्वपरीक्षा मात्र केसपेपरवर प्रवर, मध्य वा अवर असा एक शब्द लिहून आटोपते. आम्हीही अनेक वर्षे तसेच करीत होतो.

काही वर्षांपूर्वी पन्नाशीतील एका शेतकरी रुग्णास आम्ही जीर्ण कटिशूलासाठी योगबस्ती दिली. प्रथम उत्तम उपशय मिळाला, दुसऱ्या वेळी काहीच नाही. आम्ही गुग्गुळकल्प बदलले, तेल बदलले, अग्निकर्मही केले. चौथ्या महिन्यात अभ्यंग करणारा परिचारक म्हणाला, "सर, ते पालथे झोपले की रडतात." तोपर्यंत त्यांच्या मनाविषयी आम्ही एक शब्दही विचारला नव्हता. विचारल्यावर समजले की पहाटे तीनला झोप मोडते, शेतात पाऊल टाकवत नाही आणि जगणे नकोसे झाल्याचा विचार रोज येतो. त्याच दिवशी त्यांच्या बंधूंना बोलावून घरातील फवारणीचे औषध दुसरीकडे हलविले व रुग्णास मनोविकारतज्ज्ञांकडे पाठविले.

चरकाचार्यांनी अग्र्यसंग्रहात रोग वाढविणाऱ्या भावांत विषादास प्रथम स्थान दिले आहे. वातकलाकलीय अध्यायात वायूस मनाचा नियंता म्हटले आहे. वातव्याधीची चिकित्सा करणाऱ्याने हे विसरावे, हे नवलच! आधुनिक वैद्यकातही 1997 साली न्यूझीलंडमध्ये पाठदुखीच्या रुग्णांतील भीती, निराशा, हालचाल टाळण्याची वृत्ती अशा लक्षणांना 'पिवळी निशाणे' हे नाव देण्यात आले. ती असल्यास वेदना जीर्ण होण्याचा व अपंगत्व येण्याचा धोका वाढतो.

व्यवहारात आरंभ दोन प्रश्नांनी करावा. गेल्या दोन आठवड्यांत कामात रस वा आनंद वाटेनासा झाला आहे काय? उदास, निराश वाटते काय? प्रत्येकी 'मुळीच नाही' यास शून्य, 'काही दिवस' यास 1, 'निम्म्याहून अधिक दिवस' यास 2 व 'जवळजवळ रोज' यास 3 गुण. बेरीज 3 वा अधिक आल्यास नऊ प्रश्नांची पीएचक्यू-9 ही प्रश्नावली भरून घ्यावी. तिचे मराठी रूपांतर उपलब्ध आहे. एकूण 27 गुणांपैकी 10 वा अधिक गुण पुढील तपासणीची गरज दर्शवितात.

येथे एक सावधगिरी हवी. या प्रश्नावलीत झोप, थकवा व भूक यांचेही प्रश्न आहेत, आणि गुडघा ठणकत असेल तर विषाद नसतानाही झोप मोडते. म्हणून केवळ बेरीज न पाहता गुण कोणत्या प्रश्नांत आले ते पाहावे. ही चाळणी आहे, निदान नव्हे. नववा प्रश्न मरणाच्या वा स्वतःस इजा करण्याच्या विचारांचा आहे. तेथे शून्याखेरीज कोणतेही उत्तर आले तर बेरीज कितीही असो, त्याच भेटीत सविस्तर बोलावे. असे विचारल्याने रुग्णाच्या मनात तो विचार शिरतो ही समजूत निराधार आहे.

प्रश्न नातेवाइकांसमोर विचारू नयेत. सासूबाई शेजारी बसलेल्या असताना सून "पाठ दुखते" एवढेच सांगणार. अभ्यंगाची वेळ यासाठी फार सोयीची असते.

याचा अर्थ वेदना 'मनाची' आहे असा नव्हे, आणि रुग्णास तसे कदापि सांगू नये. ज्वर, वजन घटणे, रात्रीची न थांबणारी वेदना, मलमूत्रावरील ताबा जाणे, पूर्वीचा कर्करोग ही लक्षणे प्रथम तपासावीत. गुण कितीही असोत, ती असल्यास मार्ग वेगळा.

औषधी विक्रेत्यांस एक विनंती. झोपेसाठी सर्पगंधायुक्त वटी मागणारा ग्राहक सांधेदुखीचे तेल व वेदनाशामक गोळ्याही वारंवार नेत असेल, तर त्यास वैद्याकडे पाठवावे. सर्पगंधेतील रिसर्पिनमुळे विषाद बळावल्याच्या नोंदी जुन्या आहेत. विषादाच्या रुग्णास ती देऊ नये. मनोविकाराच्या चालू गोळ्या आपल्या सल्ल्याने एकाएकी बंद होणार नाहीत, हेही वैद्यांनी पाहावे.

मनोविकारतज्ज्ञांचे नाव काढताच रुग्ण बिचकतो. आम्ही एवढेच म्हणतो, "पाठीचे उपचार इथेच चालू राहतील, झोप आणि मन सुधारले की तेलाचाही गुण लवकर येईल." ज्यांना प्रवास शक्य नाही, त्यांना शासनाच्या टेली-मानस सेवेचा 14416 हा निःशुल्क क्रमांक लिहून द्यावा. 2022 पासून ही सेवा अहोरात्र उपलब्ध आहे.

त्या शेतकरी रुग्णास पुढील योगबस्ती आम्ही तीन महिन्यांनी दिली. मनोविकारतज्ज्ञांच्या गोळ्या चालूच होत्या. कंबर आजही अधूनमधून दुखते, पण ते शेतात जातात. आमच्या केसपेपरवर आता सत्त्वपरीक्षेच्या रकान्यात दोन आकडे लिहिले जातात, आणि दर सहा आठवड्यांनी ते पुन्हा विचारले जातात.