उत्तरभाग आणि नवी कथा

एकच कथा पुन्हा पुन्हा ऐकावयास कंटाळावे, असा आपल्या लोकांचा स्वभाव नव्हे. आमच्या निंबर्ग्यासारख्या सीमेवरच्या गावी तर ही गोष्ट वर्षभर डोळ्यांसमोर असते. श्रावण लागला की तीच पोथी बाहेर निघते, शिवलीलामृताचा तोच अकरावा अध्याय वाचला जातो. सप्ताहातला कीर्तनकार तेच आख्यान लावतो, आणि कन्नड बयलाटात तेच पांडव त्याच वनवासास निघतात. शेवट ठाऊक नाही असा श्रोता मंडपात शोधूनही सापडावयाचा नाही. तरीही मंडप भरतो.

असे असता तेच लोक एखाद्या चित्रपटाचा तिसरा किंवा चौथा भाग आला म्हणजे नाक का मुरडतात? 'पुन्हा तेच!' हा उद्गार आज शिक्षकांच्या खोलीत, एस. टी. स्थानकावर आणि लग्नाच्या पंगतीत सारखाच ऐकू येतो. पोथीतले 'तेच' गोड लागते आणि पडद्यावरचे 'तेच' विटते, ह्याचे कारण काय, ह्याचा थोडा विचार करण्याचे प्रस्तुत लेखात योजिले आहे. हा विषय केवळ करमणुकीचा नाही. आपली पुढची पिढी गोष्ट कशास म्हणेल, हा प्रश्न त्यात गुंतलेला आहे.

प्रथम वस्तुस्थिती पाहू. 'मुंबई-पुणे-मुंबई' हा चित्रपट २०१० साली आला, त्याचा दुसरा भाग २०१५ मध्ये आणि तिसरा २०१८ मध्ये निघाला. 'टाइमपास'चे २०१४, २०१५ आणि २०२२ असे तीन भाग झाले. 'बॉईज' २०१७ साली निघाला आणि २०२३ पर्यंत त्याची संख्या चारावर गेली. १९९३ च्या 'झपाटलेला'स वीस वर्षांनी, तर २००४ च्या 'नवरा माझा नवसाचा'स २०२४ मध्ये, म्हणजे तितक्याच काळाने, दुसरा भाग लाभला. ही लाट केवळ मराठीपुरती नाही. हिंदीत 'हाउसफुल'चा पाचवा भाग २०२५ मध्ये आला, कन्नडात 'केजीएफ'चे दोन अध्याय झाले, आणि अमेरिकेत तर २००८ च्या 'आयर्न मॅन'पासून एकाच कुळातले तीसहून अधिक चित्रपट निघाले आहेत.

आता आपल्या चित्रसृष्टीच्या उगमाकडे वळू. दादासाहेब फाळके ह्यांचा 'राजा हरिश्चंद्र' ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन चित्रगृहात लोकांसमोर आला. ही कथा काही नवी नव्हती. कन्नडात राघवांकाने तेराव्या शतकाच्या सुमारास तिच्यावर महाकाव्य रचले होते. खुद्द फाळक्यांनीच १९१७ साली तीच कथा पुन्हा चित्रित केली. मराठीतला पहिला बोलपट 'अयोध्येचा राजा' १९३२ साली प्रभातने कोल्हापुरात काढला, तोही हरिश्चंद्राचाच. पुढे १९६५ साली राजकुमार ह्यांनी कन्नड पडद्यावर तोच राजा उभा केला. एकाच कथेचे हे चार अवतार होत. मात्र ह्यांतल्या एकासही कोणी 'भाग दोन' म्हटले नाही.

म्हणावे तरी कसे? १९१३ साली नवल होते ते चित्र हालते ह्याचे, आणि तारामतीची भूमिका अण्णा साळुंके ह्या पुरुषाने केली होती, कारण स्त्री मिळाली नाही. १९३२ साली तीच तारामती दुर्गाबाई खोटे ह्यांनी केली. एका प्रतिष्ठित घराण्यातील स्त्री पडद्यावर आली आणि ती मराठीत बोलली. कथा तीच, पण सांगणारा निराळा, साधन निराळे आणि सांगण्याचे प्रयोजनही निराळे. जुने तेच असून अनुभव मात्र नवा होता. आनंदवर्धनाने ध्वन्यालोकाच्या चौथ्या उद्द्योतात हाच विचार मांडला आहे. पूर्वी पाहिलेले विषयही रसाच्या स्पर्शाने नवे भासू लागतात, असे त्याचे मत आहे. नवेपणा विषयात नसून दृष्टीत असतो, हे त्याचे तात्पर्य.

म्हणजे पुनर्कथन आणि पुनरावृत्ती ह्या दोन भिन्न गोष्टी होत. कीर्तनकार आख्यान लावतो तेव्हा तो पुनर्कथन करीत असतो. पूर्वरंगात त्याने जो विचार मांडलेला असतो, त्याच्या उजेडात उत्तररंगातली जुनी कथा निराळी दिसू लागते. पुनरावृत्तीत असा विचार नसतो. पूर्वी जेथे टाळी पडली तेथे पुन्हा टाळी पडावी, एवढीच तिची अपेक्षा असते.

मग उत्तरभाग तेवढे त्याज्य समजावयाचे काय? तसेही नाही. भवभूतीने रामाच्या पूर्वचरित्रावर 'महावीरचरित' लिहिले आणि नंतर 'उत्तररामचरित'. आज रसिक भवभूतीस ओळखतात ते ह्या दुसऱ्या नाटकामुळे. ह्याचे कारण उघड आहे. रावणवध झाला, राज्याभिषेक झाला, तरी सीतेच्या त्यागाचा प्रश्न शिल्लकच होता. तो प्रश्न भवभूतीस स्वस्थ बसू देईना म्हणून उत्तरभाग जन्मास आला. पहिल्या कथेने काही प्रश्न उरविला आहे काय, हीच उत्तरभागाची खरी कसोटी होय, असे मला वाटते.

ही कसोटी आपल्या चित्रपटांस लावून पाहावी. सुधाकर रेड्डी यक्कंटी ह्यांच्या 'नाळ' (२०१८) ह्या चित्रपटात आठ वर्षांच्या चैत्यास कळते की, जिला आपण आई म्हणतो तिने आपणांस जन्म दिलेला नाही. चित्रपट संपतो, पण मुलाच्या मनातली जन्मदात्रीची ओढ संपत नाही. २०२३ च्या दुसऱ्या भागात तो तिच्या गावी जातो, आणि तेथे त्यास बहीण भेटते. येथे प्रश्न खरोखरच उरला होता. त्या वर्षीचा उत्कृष्ट बालचित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार ह्या दुसऱ्या भागास मिळाला, ह्यात नवल नाही. त्याच वर्षी उत्कृष्ट मराठी चित्रपट ठरला तो सुजय डहाके ह्यांचा 'श्यामची आई'. ज्या कथेवर आचार्य अत्रे ह्यांनी १९५३ साली चित्रपट काढून पहिले राष्ट्रपती सुवर्णपदक मिळविले, तिचेच हे पुनर्कथन. तेव्हा जुनी कथा अथवा दुसरा भाग एवढ्यावरून कोणतीही कृती हिणकस ठरत नाही.

परंतु पुष्कळ उत्तरभागांच्या पोटी असा प्रश्न नसतो, असतो तो केवळ हिशेब. निर्मात्याची बाजूही न्यायबुद्धीने समजून घ्यावयास हवी. चित्रपट लागल्यापासून तीन-चार दिवसांत त्याचा निकाल लागतो. त्याच शुक्रवारी मोठा हिंदी चित्रपट आला तर मराठीस सोयीच्या वेळेचा खेळ मिळणे कठीण होते. अशा स्थितीत अनोळखी नावाची जाहिरात करण्यापेक्षा लोकांच्या तोंडी असलेल्या नावापुढे एक आकडा घालणे स्वस्त पडते. ह्याला व्यवहार म्हणता येईल; पण व्यवहारास साहित्याने आपला गुरू मानू नये.

ही प्रवृत्ती आजची आहे असेही नाही. १९५९ साली अनंत माने ह्यांचा 'सांगत्ये ऐका' पुण्याच्या विजयानंद चित्रगृहात १३१ आठवडे चालला, आणि मग तमाशापटांची रीघ लागली. १९९१ च्या 'माहेरची साडी'नंतर सोशिक सुनेच्या अश्रूंनी पडदा कितीतरी काळ भिजत राहिला. पूर्वी अनुकरण नाव बदलून होत असे, आता ते नावासकट होते, इतकाच फरक. उलट प्रभातने १९३६ मध्ये 'संत तुकाराम' काढून व्हेनिसच्या महोत्सवापर्यंत कीर्ती मिळविल्यावर लगेच १९३७ साली 'कुंकू' काढला, आणि १९३९ मध्ये 'माणूस'. संतपट त्यांनी पुढेही काढले. पण जरठ-कुमारी विवाहाविरुद्ध उभी राहणारी नीरा आणि वेश्येवर प्रेम करणारा पोलीस शिपाई ही पात्रे कोणत्याही यशस्वी साच्यातून निघालेली नव्हती.

नव्या कथेस प्रेक्षक मिळत नाही, हे म्हणणेही खरे नाही. २००४ चा 'श्वास' एका खेड्यातल्या आजोबा-नातवाची गोष्ट घेऊन आला. 'सैराट' (२०१६) आमच्या शेजारच्या सोलापूर जिल्ह्यातल्या करमाळ्याच्या परिसरात घडला, त्यात नवीन चेहरे होते, आणि पुढच्याच वर्षी तो कन्नडात गेला. 'बाईपण भारी देवा' (२०२३) पाहावयास गावोगावच्या बाया घोळक्याने गेल्या. विषय काय, तर सहा बहिणी आणि मंगळागौर! २०२५ च्या 'दशावतारा'त एक वृद्ध खेळेकरी नायक आहे. ह्यांतल्या एकाच्याही पाठीशी आधीच्या भागाची पुण्याई नव्हती.

मात्र दोषाचा काही वाटा आपणांकडेही येतो. नवे हवे, असे म्हणणारे आपण नवे आले असता चित्रगृहापर्यंत जातो काय? 'कोर्ट' ह्या चित्रपटास सर्वोत्कृष्ट भारतीय चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. तो मी पाहिला तो पुष्कळ उशिरा, आणि तोही दूरध्वनीच्या इवल्या पडद्यावर. आमच्याकडून सोलापूर गाठावे लागते ही सबब खरी. पण ती हिंदी चित्रपटाच्या वेळी आडवी येत नाही, हेही खरे.

शेवटी शिक्षक म्हणून जी गोष्ट मला अस्वस्थ करते ती सांगतो. गतवर्षी नववीच्या वर्गास मी स्वतंत्र गोष्ट लिहावयास सांगितली. निम्म्याहून अधिक मुलांनी पाहिलेल्या चित्रपटांचे पुढचे भाग लिहून आणले. लेखन वाईट नव्हते. पण 'स्वतंत्र' ह्या शब्दाचा अर्थ त्यांना विचारता एक मुलगा निरागसपणे म्हणाला, "सर, हा भाग अजून आलेला नाही." जे अद्याप बाजारात आलेले नाही तेच नवे, अशी त्याची समजूत झाली होती. तिचा दोष मी त्याला देत नाही.

त्याच गठ्ठ्यात एका मुलीने तुरीच्या राशीवर रात्रभर राखणीला बसलेल्या आपल्या आजीविषयी दोन पाने लिहिली होती. आजी कन्नडात बोलते, नात मराठीत उत्तर देते. शुद्धलेखनाच्या चुका पुष्कळ होत्या आणि गोष्टीला शेवटही नव्हता. मी ती वर्गात वाचून दाखविली, तेव्हा मुले प्रथम हसली आणि मग गप्प झाली. दुसऱ्या दिवशी चौघे-पाच जण आपापल्या घरची गोष्ट लिहून घेऊन आले.

मुंबईत कोणता चित्रपट निघावा, हे ठरविणे आपल्या हाती नाही. आपल्या वर्गात कोणती गोष्ट वाचली जावी, हे मात्र आहे. गाथा शिकवावी, हरिश्चंद्र शिकवावा, 'श्यामची आई' तर अवश्य शिकवावी. कारण पुनर्कथन कशास म्हणतात हे त्याविना कळावयाचे नाही. पण त्याबरोबरच सत्रातून एकदा तरी, ज्या गोष्टीला आधीचा भाग नाही अशी गोष्ट विद्यार्थ्याने लिहावी आणि ती वर्गाने ऐकावी, असा परिपाठ आपण शिक्षकांनी ठेवावा. नव्या कथेचा रसिक तेथेच घडेल, आणि कदाचित तिचा लेखकही.