भौतिकशास्त्रातील पीएच.डी. प्रवेश : संधीचे वस्तुनिष्ठ मूल्यमापन

प्रस्तावना :
एम.एस्सी. भौतिकशास्त्राच्या अंतिम वर्षाचा विद्यार्थी प्राध्यापकांना एक प्रश्न हमखास विचारतो : 'सर, मला नामांकित संस्थेत पीएच.डी.ला प्रवेश मिळेल का?' बहुधा 'प्रयत्न करीत राहा' एवढेच उत्तर त्याला मिळते. परंतु अंदाज चुकल्यास उमेदीची दोन-तीन वर्षे वाया जातात, तर कधी गुणवान विद्यार्थी न्यूनगंडापोटी अर्जच करीत नाही. म्हणूनच संधीचे मूल्यमापन कसे करावे, याचा विचार येथे केला आहे.

पात्रता आणि संधी :
विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या विनियमांनुसार पदव्युत्तर पदवीस सर्वसाधारणपणे किमान ५५ टक्के गुण आवश्यक असून राखीव प्रवर्गांस ५ टक्के सवलत आहे. ही केवळ पात्रता होय, संधी नव्हे. विद्यापीठीय गुणपत्रिका दार उघडते. निवड पुढे होते.

लेखी परीक्षा :
सीएसआयआर-नेट परीक्षेतील २०० गुणांपैकी १७० गुण विषयाचे असतात व चुकीच्या उत्तरास त्या प्रश्नाचे २५ टक्के गुण वजा होतात. गेट परीक्षा १०० गुणांची असून तिचा गुणांक तीन वर्षे ग्राह्य धरला जातो. याशिवाय जेस्ट ही संयुक्त परीक्षा आणि मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेची स्वतंत्र परीक्षा आहे. विद्यार्थ्याने मागील तीन वर्षांच्या प्रश्नपत्रिका घड्याळ लावून सोडवाव्यात, वजा गुण धरून बेरीज करावी व ती आपल्या प्रवर्गाच्या जाहीर झालेल्या किमान गुणांशी ताडून पाहावी. अंदाजाचा हाच विश्वसनीय पाया होय.

मुलाखत :
संशोधन संस्थांत लेखी परीक्षा प्रामुख्याने चाळणीचे काम करते. अंतिम निवडीत मुलाखत मोलाची ठरते. तेथे पाठांतर उपयोगी पडत नाही. आलेख काढणे, टोकाच्या स्थितीत सूत्र तपासणे, परिमाणाचा ढोबळ अंदाज बांधणे आणि 'हे मला ठाऊक नाही' असे प्रांजळपणे सांगणे यांतून विद्यार्थ्याची जाण दिसते. तसेच निवडलेल्या उपशाखेत त्या वर्षी मार्गदर्शकाकडे जागा आहे की नाही, यावरही संधी अवलंबून असते.

एक सांख्यिकीय गैरसमज :
समजा, पाच संस्थांपैकी प्रत्येकीत निवडीची संभाव्यता २० टक्के आहे. या घटना परस्परांपासून स्वतंत्र असतील, तर किमान एका ठिकाणी निवड होण्याची संभाव्यता सुमारे ६७ टक्के येते. प्रत्यक्षात मात्र त्या स्वतंत्र नसतात. पुंज यांत्रिकी कच्चे असलेला विद्यार्थी पाचही ठिकाणी त्याच प्रश्नांवर अडखळतो. म्हणून अर्जांची संख्या वाढविल्याने संधी त्या प्रमाणात वाढत नाही. उणीव भरून काढल्याने मात्र ती सर्वच ठिकाणी एकदम वाढते.

समारोप :
सारांश, संधी ही गुणपत्रिका, लेखी परीक्षा, मुलाखत व उपलब्ध जागा यांवर अवलंबून असते. पहिला घटक घडून गेलेला असतो, शेवटचा आपल्या हाती नसतो. मधले दोन मात्र प्रयत्नसाध्य आहेत. महाविद्यालयात सराव परीक्षा आणि सराव मुलाखती घेतल्यास ग्रामीण भागातील विद्यार्थ्यालाही आपले स्थान वेळीच कळेल. खोटी आशा आणि अकारण निराशा या दोहोंपासून त्याला वाचविणे, हे प्राध्यापकाचे कर्तव्यच होय.