मडके टांगण्यापूर्वी

म्हैसूरला गेलेला प्रवासी राजवाडा आणि चामुंडीची टेकडी पाहून झाल्यावर हल्ली ऊटी रस्त्यावरील अवधूत दत्तपीठाच्या आश्रमाकडे वाट वाकडी करतो, ती तेथील शुकवनासाठी. एकाच पक्षिगृहात ४६८ जातींचे पक्षी सांभाळल्याबद्दल २०१७ साली गिनीजच्या दप्तरात ज्याची नोंद झाली, त्या सुमारे ५० मीटर उंचीच्या जाळीखाली मकाव, काकाकुवे आणि लोरी यांचा निःशंक संचार पाहिला आणि जखमी पक्ष्यांची तेथे होणारी शुश्रूषा पाहिली, की ज्यांच्या घरी पोपटांची एखादी जोडी आहे अशा कुटुंबाच्या मनात, आपल्याही गॅलरीत पिल्ले व्हावीत, ही इच्छा सहज अंकुरते. ती इच्छा निर्मळ असते यात संशय नाही. परंतु तिच्यापाठोपाठ येणारी जबाबदारी किती वर्षांची आणि कोणत्या स्वरूपाची आहे, याचा विचार बहुधा अंडे दिसल्यावर सुरू होतो, आणि तोवर उशीर झालेला असतो.

पिंजऱ्यातील पक्ष्यांची वीण ज्या कारणांनी सुरू होते, ती बहुतेक सर्व कारणे माणूस पुरवतो, हे येथे प्रथम ध्यानात घेतले पाहिजे. बाजारात ज्याला सर्रास ‘लव्हबर्ड’ म्हणून विकतात, त्या बजरीगर पक्ष्याचेच उदाहरण घ्या. पक्षिशास्त्रज्ञ जॉन गूल्ड यांनी १८४० साली तो जिवंत स्थितीत प्रथम इंग्लंडात आणला. त्याचे मूळ घर मात्र ऑस्ट्रेलियाच्या अंतर्भागातील रुक्ष प्रदेश. तेथे पाऊस ठरावीक ऋतूत येईलच अशी शाश्वती नसल्यामुळे हे थवे पावसामागून फिरतात, आणि गवताला दाणा धरला व झाडाच्या ढोलीत जागा मिळाली, की ताबडतोब विणीला लागतात. बार्बरा ब्रॉकवे या संशोधिकेने १९६५ साली दाखवून दिले, की नराच्या प्रणयकूजनाचा ध्वनी कानी पडत राहिल्यानेसुद्धा मादीच्या अंडाशयाच्या वाढीला चालना मिळते. आता आपल्या गॅलरीत काय असते ते पाहू: बारमाही भरलेली राळ्या-बाजरीची वाटी, शेजारीच अखंड गाणारा नर आणि वाटोळे भोक पाडलेले अंधारे मडके. ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटात कित्येक महिन्यांनी जो सुकाळ एकदा यावा, तो आपण त्या मादीपुढे वर्षभर मांडून ठेवतो. म्हणून पिल्ले हवीत की नकोत हा निर्णय मडके टांगण्यापूर्वीच घ्यावयाचा असतो.

या सुकाळाची किंमत मादीचे शरीर मोजते. अंड्याचे कवच मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेटचे असते, आणि ते घडविण्यासाठी मादीच्या हाडांच्या पोकळीत विणीपूर्वी कॅल्शियमचा एक तात्पुरता साठा तयार होतो. केवळ कोरड्या दाण्यांवर वाढलेल्या पक्षिणीच्या आहारात कॅल्शियम अत्यल्प असते. अशा स्थितीत वीण लागोपाठ होऊ दिली, तर साठा संपतो, अंडे मार्गातच अडते आणि पिसे फुलवून पिंजऱ्याच्या तळाशी बसलेली मादी काही तासांत दगावू शकते. समुद्रफेन, हिरवा पाला आणि दोन विणींमध्ये पुरेशी विश्रांती यांची तजवीज ज्याला करता येत नाही, त्याने जोडी लावण्याच्या भरीस पडू नये.

पिल्लांचे संगोपनही दिसते तितके सुलभ नाही. बजरीगरची मादी चार ते सहा अंडी एक दिवसाआड घालते आणि बहुधा पहिल्या-दुसऱ्या अंड्यापासूनच उबवावयास बसते; प्रत्येक अंडे सुमारे १८ दिवसांत फुटत असल्यामुळे, सर्वांत धाकटे पिल्लू आंधळे व उघडे असे बाहेर येते तेव्हा थोरल्याचे डोळे उघडलेले आणि अंगावर पिसांचे कोंब दिसू लागलेले असतात. मडक्यात डोकावले तर ही चढती भाजणी स्पष्ट दिसते, आणि तळचे पिल्लू भावंडांखाली दबून उपाशी तर राहत नाही ना, याची खातरजमा रोज गळ्याखालची अन्नाची पिशवी पाहून करावी लागते. साधारण पाच आठवड्यांनी पिल्ले मडक्याबाहेर पडतात, तरी त्यानंतरही काही दिवस बाप त्यांना भरवीत असतो.

लवकर माणसाळावीत म्हणून पिल्ले आईबापांपासून तोडून सिरिंजने भरविण्याची प्रथा आज फार बोकाळली आहे. खिमट थोडे अधिक गरम झाले तर ती पिशवी भाजते, श्वासनलिकेत गेले तर पिल्लू गुदमरते. आणि जे जगते, ते स्वजातीच्या सहवासाविना वाढल्याने वयात आल्यावर पुष्कळदा माणसालाच जोडीदार समजू लागते. अननुभवी हातांनी या वाटेला जाऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

यापुढे संख्येचा प्रश्न येतो. वर्षाकाठी पाच-पाच पिल्लांच्या दोनच विणी झाल्या, तरी एका जोडीपासून दहा पक्षी होतात, आणि ते सारे सख्खी भावंडे असतात. एकाच पिंजऱ्यात राहिल्यास ती आपापसांत जोड्या लावतात, आणि सगोत्र संकराने दुर्बल संतती निपजण्याचा संभव वाढतो. नातेवाइकांना वाटावे म्हटले, तर बजरीगर पाच-दहा वर्षे, कॉकॅटिएल पंधरा-वीस वर्षे आणि आफ्रिकन ग्रे चाळीस वर्षांहूनही अधिक जगतो. इतकी मुदत निभावून नेणारी किती घरे आपल्या माहितीत आहेत?

कायद्याचे बंधनही आहे. आपला राघू, पहाडी पोपट यांसारखे देशी पोपट १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाखाली संरक्षित असून ते पकडणे, विकणे अथवा घरी बाळगणे हा अपराध आहे. त्यांच्या पैदाशीचा प्रश्नच उद्भवत नाही. विदेशी पोपटांपैकी बजरीगर, कॉकॅटिएल आणि गुलाबी चेहऱ्याचा लव्हबर्ड वगळता जवळजवळ सर्वच जाती ‘साइट्स’ या आंतरराष्ट्रीय कराराच्या परिशिष्टांत येतात. २०२२ च्या दुरुस्तीनुसार व २०२४ च्या नियमांनुसार अशा पक्ष्यांच्या मालकीची, जन्माची, हस्तांतराची व मृत्यूची वर्दी ‘परिवेश’ या सरकारी संकेतस्थळावरून द्यावी लागते, आणि पहिल्या परिशिष्टातील जातींच्या पैदाशीस स्वतंत्र परवाना लागतो. आफ्रिकन ग्रे २०१७ पासून त्याच परिशिष्टात आहे.

एवढे सारे जाणूनही ज्याला वीण घ्यावयाची असेल, त्याने परस्परांशी नाते नसलेली, निदान एक वर्षाची निरोगी जोडी निवडावी, पक्षी जाणणाऱ्या पशुवैद्याचा पत्ता आधी मिळवावा, वाळलेल्या विष्ठेच्या धुळीतून माणसांना जडणाऱ्या शुकज्वराची आठवण ठेवून स्वच्छता राखावी, आणि पहिल्या अंड्याआधीच प्रत्येक पिल्लाचे घर निश्चित करावे. ज्याला नको असेल, त्याने मडके व अंधारे कोपरे काढून टाकावेत, मोड आलेल्या धान्याची चंगळ आवरावी आणि दिव्याचा उजेड संध्याकाळी लवकर मालवावा. तरीही अंडी झाली, तर ती लगेच उचलू नयेत. कॉकॅटिएलसारखी मादी गेलेल्या अंड्यांची भरपाई करीत घालतच राहते, म्हणून उकडून थंड केलेली अंडी किंवा त्याच आकाराची नकली अंडी तिच्याखाली ठेवून ती आपण होऊन उठेपर्यंत थांबावे. पिल्ले न झाल्याने पाळीव जोडीचे काही उणे राहत नाही. जोडीदार, उडण्यास जागा, कुरतडण्यास लाकूड आणि माणसाचा रोजचा सहवास मिळाला, की तिचे आयुष्य भरलेले असते, आणि हे तिला देणे आपल्यापैकी बहुतेकांच्या आवाक्यात आहे.