नगरसेवकाच्या खुर्चीत नाटकवाला

लोककला आणि लोकशाही : लेखांक ७

मागच्या आठवड्यात आपण लाल बावटा कलापथकापर्यंत आलो होतो. १९४४ साली अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर यांनी उभं केलेलं हे पथक कामगार वस्त्यांमध्ये गर्दी खेचायचं. लोक पेटायचे, मोर्चात उतरायचे. पण खेळ सुरू असताना बोलायचं शाहिराने आणि दाद द्यायची प्रेक्षकाने, ही वाटणी कायम होती. ब्राझीलचे नाटककार ऑगुस्तो बोआल यांनी नेमकी तीच मोडली.

बोआल साओ पावलोच्या अरेना थिएटरचे दिग्दर्शक. लष्करी राजवटीने १९७१ साली त्यांना पकडलं, छळलं आणि देशाबाहेर जायला भाग पाडलं. १९७३ मध्ये ते पेरूतल्या साक्षरता मोहिमेत काम करत होते. प्रेक्षकांनी तोडगा सुचवायचा आणि नटांनी तो करून दाखवायचा, असा तिथला प्रयोग. एका खेळात नवऱ्याने फसवलेल्या बाईची गोष्ट होती. प्रेक्षकांतली एक बाई पुन्हा पुन्हा सांगत होती, की बायकोने नवऱ्याशी 'स्पष्ट' बोलावं. नट करून दाखवायचे आणि तिला ते पटायचं नाही. शेवटी बोआल म्हणाले, मग तुम्हीच या वर. ती आली आणि नवरा झालेल्या नटाला तिने झाडूने बडवून काढलं. तिच्या मनातलं 'स्पष्ट बोलणं' ते हे! दुसऱ्याच्या वतीने नटाने बोलण्याला किती मर्यादा आहेत, हे बोआल यांना त्या झाडूने शिकवलं असं म्हणायला हरकत नाही.

यातून फोरम थिएटर आकाराला आलं. वस्तीतल्याच एखाद्या अडचणीवर छोटा प्रवेश बसवायचा आणि त्यात नायकाची हार दाखवायची. मग तोच प्रवेश पुन्हा सुरू करायचा. या वेळी प्रेक्षकांतलं कोणीही 'थांबा' म्हणू शकतं आणि नायकाची जागा घेऊन वेगळं काही करून बघू शकतं. मात्र छळणाऱ्याची जागा घेता येत नाही. मालकाला एकदम दयाळू करून टाकलं, की प्रश्न संपलाच! उलट मालक झालेला नट जमेल तेवढी आडकाठी करतो. सूत्रधार उत्तर देत नाही, फक्त विचारतो : हे प्रत्यक्षात जमेल?

आपल्याकडे सरकारी योजनांवरची पथनाट्यं पाहिली, की हा फरक फार टोचतो. शौचालय बांधा, मतदान करा, मुलगी शिकवा. सगळी वाक्यं लोकांच्या दिशेने जातात, लोकांकडून एकही परत येत नाही. नळाला पाणीच नसेल तर शौचालयाचं काय करायचं, हे विचारायला त्या खेळात जागाच नसते.

बोआल १९८६ मध्ये मायदेशी परतले आणि १९९२ मध्ये कामगार पक्षातर्फे रिओ दि जानेरोच्या नगर परिषदेवर निवडून आले. नगरसेवकाला पगारी सल्लागार नेमता येतात. बोआल यांनी आपले नाट्यकर्मीच त्या जागांवर घेतले. मला ही या कथेतली सर्वांत हुशार चाल वाटते, कारण कलेला अनुदान मागत बसण्याऐवजी त्यांनी कला थेट कार्यालयातच आणून बसवली. हे नाट्यकर्मी झोपडवस्त्यांत, वृद्धांमध्ये, अंध व्यक्तींमध्ये गट बांधायचे. प्रयोगात प्रेक्षकांनी जे जे सुचवलं, त्याची टिपणं नगरसेवकाच्या कार्यालयात यायची. तिथे कायदा जाणणारी माणसं ती चाळायची आणि त्यातून विधेयक तयार व्हायचं. कधी चौकातच सभा भरवून प्रस्तावावर लोकांचं म्हणणं ऐकलं जायचं. याला त्यांनी 'लेजिस्लेटिव्ह थिएटर' म्हटलं.

रिओतल्या सार्वजनिक फोनच्या टोप्या खांबापासून पुढे आलेल्या असत. अंध माणसाची काठी खालून मोकळी जायची आणि डोकं मात्र टोपीवर आपटायचं. फोनखाली उंचवटा असला तर काठीला आधीच कळेल, असं ठरलं आणि तसा कायदा झाला. पालिका रुग्णालयांत वृद्धांसाठी तज्ज्ञ डॉक्टर आणि साक्षीदारांना संरक्षण हेही याच वाटेने आलं. चार वर्षांत असे १३ कायदे मंजूर झाले. कायदा झाला म्हणजे अंमलबजावणी झाली असं नाही, हे रिओलाही लागू आहे. पण अंध माणसाच्या डोक्याला लागलेली टोपी विधेयकाच्या मसुद्यापर्यंत पोचली, ही गोष्ट लहान नाही.

१९९६ च्या निवडणुकीत बोआल हरले आणि सल्लागारांच्या जागा गेल्या. पद्धतीचा कच्चा दुवा इथेच आहे : खेळ आणि कायदा यांना जोडणारा पूल एका माणसाच्या खुर्चीवर उभा होता. गट बांधणारी मंडळी पुढेही काम करत राहिली, पण सूचना टाकायला हक्काचं दार उरलं नव्हतं.

योगायोग असा, की निवडून आल्यावर त्यांनी नगरसेवक म्हणून काम सुरू केलं त्याच १९९३ साली आपल्याकडे ७३वी घटनादुरुस्ती लागू झाली आणि ग्रामसभेला घटनेत जागा मिळाली. म्हणजे दार आपल्याकडे कायमचं आहे, ते कोणा एकाच्या निवडून येण्यावर अवलंबून नाही. त्या दारापर्यंत लोकांना नेणारा खेळ किती गावांत होतो? पश्चिम बंगालमध्ये संजय गांगुली यांनी १९८५ साली सुरू केलेली 'जन संस्कृती' बोआल यांचीच पद्धत खेड्यांत वापरते, तीही नगरसेवकाच्या खुर्चीशिवाय. पुढच्या लेखांकात सुंदरबनला जाऊ.