नवा कॅमेरा घेतला, पण पक्ष्यांचे फोटो हललेले का येतात?

नवा कॅमेरा हातात आला की ठाणे, डोंबिवली, कल्याणकरांची पावले येऊरच्या जंगलाकडे किंवा ठाणे खाडीकडे वळतात. मात्र घरी येऊन फोटो मोठे करून पाहिले की पक्षी अस्पष्ट दिसतो. दोष बहुतेक वेळा कॅमेऱ्याचा नसतो, शटरच्या वेगाचा असतो.

नेमके काय होते?
शटर उघडे असताना हात किंवा पक्षी हलला की फोटो हलतो. हातासाठी ढोबळ नियम असा: ४०० मिमी लेन्सला किमान १/४०० सेकंद. एपीएस-सी सेन्सर असेल तर साधारण १/६००. कॅमेऱ्यातले ‘स्टॅबिलायझेशन’ केवळ हाताचा कंप सावरते, पक्ष्याची हालचाल नाही. त्यामुळे स्तब्ध उभ्या बगळ्याला १/५०० चालते. उडत्या पक्ष्याला १/२००० च्या आसपास वेग लागतो.

येऊरमध्ये उजेड कमी असतो, तेव्हा?
वेग वाढवला की सेन्सरवर कमी प्रकाश पडतो. अशा वेळी आयएसओ वाढवावा. फोटो थोडा दाणेदार येईल, पण तो नंतर सुधारता येतो. हललेला फोटो सुधारणे फार अवघड.

खाडीवर काय वेगळे?
काळ्या चिखलावर पांढरा बगळा असेल तर ऑटो मोड फोटो जास्त उजळ करतो आणि पिसांचे बारकावे जातात. एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन उणे १ करून पाहावे. निघण्यापूर्वी भरती-ओहोटीची वेळही पाहावी. ओहोटीला चिखल उघडा पडतो, तेव्हा फ्लेमिंगो तिथे खाद्य शोधतात. बोटीतून फोटो काढताना बोटही हलत असते, म्हणून वेग आणखी वाढवावा.

किती जवळ जायचे?
पक्षी मान वर करून तुमच्याकडे पाहू लागला, की तिथेच थांबावे. थवा उडाला तर त्याचे खाणे थांबते आणि ताकद वाया जाते. येऊर संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे. ठाणे खाडीतील फ्लेमिंगो अभयारण्य २०१५ मध्ये घोषित झाले आणि २०२२ मध्ये खाडीला ‘रामसर’ दर्जा मिळाला. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मधील ‘शिकारी’च्या व्याख्येत वन्य पक्ष्यांच्या घरट्यांना व अंड्यांना त्रास देणेही येते. म्हणजे क्लोजअपसाठी घरट्यासमोरची फांदी बाजूला करणेही महागात पडू शकते. त्यामुळे पहिल्या फेरीत दुर्मीळ पक्ष्याच्या मागे न लागता बगळा, खंड्या, वेडा राघू यांच्यावर हात बसवावा. हे पक्षी वाटेवर सहज दिसतात.