जुन्या बाटलीचे वय कसे ओळखावे?

हैदराबादच्या हिमायतनगरात एके काळी मोठ्या आवारांची घरे पुष्कळ होती. त्यांपैकी बऱ्याच घरांच्या जागी आता उंच इमारती उभ्या आहेत. जुने घर पाडावयाचे ठरले की परसातील अडगळीची खोली रिकामी होते. तांब्यापितळेची भांडी कोणीतरी ठेवून घेतो. काच मात्र भंगारवाल्याच्या पोत्यात जाते. श्रोतेहो, त्या काचेला पोत्यात टाकण्यापूर्वी दोन प्रश्न विचारावेत, असे मला सुचवावयाचे आहे. ही बाटली कोणत्या सालाच्या आधीची असूच शकत नाही? आणि कोणत्या सालानंतरची असणे संभवत नाही? बाटलीवर जन्मतारीख सहसा नसते. परंतु या दोन सीमांपैकी एक तरी बहुधा हाती लागते.

माझ्या एका विद्यार्थ्याच्या घरी अशीच एक बाटली निघाली. काच जाड व हिरवट, मानेला दोन्ही बाजूंनी चिमटा काढल्यासारखा आकार, आणि मानेत एक काचेची गोटी. धाकटा भाऊ गोटीसाठी बाटली फोडावयास निघाला होता. वडील म्हणाले, ती कवडीमोलाची. काका म्हणाले, दोनशे वर्षांची.

काकांचे म्हणणे प्रथम पाहू. गोटीच्या बाटलीची युक्ती हायरम कॉड या इंग्रज गृहस्थाची. तिचे एकस्व त्याने १८७० नंतरच्या दोनतीन वर्षांत मिळविले. बाटलीच्या तोंडाच्या आत रबराचे कडे बसविलेले असते. बाटली उलटी धरून भरली की आतील वायूचा दाब गोटीला त्या कड्यावर घट्ट दाबून धरतो; निराळे बूच लागत नाही. गोटी खाली ढकलली की सोडा मोकळा होतो, आणि ओतताना ती पुन्हा तोंडाशी येऊ नये म्हणून मानेतील खाचेत अडकते. गोटी आत जाते कशी, हा मुलांचा नेहमीचा प्रश्न. तोंड रुंद असतानाच ती आत सोडतात, आणि नंतर तापलेल्या काचेचे तोंड आवळून अरुंद करतात. तेव्हा बाटली दोनशे वर्षांची नव्हे, हे ठरले. परंतु नंतरची सीमा केवळ आकारावरून ठरत नाही, कारण गोटीसोडा भारतात आजही मिळतो.

हीच रीत इतर बाटल्यांना लागू पडते. दातेरी पत्र्याचे झाकण विल्यम पेंटर याने १८९२ साली अमेरिकेत काढले. तसे झाकण बसेल असे तोंड असलेली बाटली त्यापूर्वीची नाही. हैदराबादचे प्रसिद्ध औषध झिंदा तिलिस्मात १९२० पासूनचे; त्या नावाची कुपी त्याआधीची नसणार. तळेगावच्या पैसा फंड काच कारखान्याचे नाव असेल, तर १९०८ ही आधीची सीमा समजावी.

काचेवरील रेघही पाहावी. साच्याचे दोन भाग जुळतात तेथे बाटलीवर उभी शिवण उमटते. ती तोंडाच्या काठापर्यंत गेली असेल तर बाटली बहुधा यंत्रावरची. खालीच थांबली असेल तर तोंड हाताने घडविलेले. मायकेल ओवेन्सचे स्वयंचलित यंत्र १९०३ च्या सुमाराचे असल्याने पाश्चात्त्य पुस्तके या रेघेवरून साल काढतात. आपल्याकडे तेवढ्याने निर्णय करू नये. यंत्रे आल्यावरही भारतात हाताने काच फुंकण्याचे काम कित्येक दशके चालू राहिले. रेघ कृती सांगते, साल नव्हे. हिरवट छटेचेही तसेच. ती वाळूतील लोहामुळे येते, वयामुळे नव्हे.

येथे एक सावधगिरी सांगणे अवश्य आहे. जुन्या बाटलीत द्रव उरलेला असेल तर बूच काढू नये, वास घेऊ नये. गडद निळ्या वा हिरव्या, अंगावर कंगोरे असलेल्या कुप्या पुष्कळदा विषारी द्रव्यांसाठी करीत; अंधारातही बोटांना धोका कळावा, हा त्यांतील हेतू. रिकामी बाटली कोमट पाण्याने धुवावी. कढत पाण्याने जाड काच तडकते. कागदी चिठ्ठी उरली असेल तर तिला पाणी लावू नये.

त्या मुलाच्या बाटलीवर पुसट उर्दू अक्षरे होती. शेजारच्या एका वृद्ध गृहस्थांनी ती वाचली: एका सोड्याच्या दुकानाचे नाव, आणि खाली हैदराबाद दक्कन. नाव ऐकताच मुलाच्या आजी म्हणाल्या, ‘ते तर माझ्या सासऱ्यांचे दुकान. माझ्या लग्नाच्या वर्षी बंद झाले.’ दुसरी सीमा अशी मिळाली. ती कोणत्याही पुस्तकात नव्हती. त्या दुकानाची दुसरी कसलीही खूण त्या घरात उरलेली नाही.

म्हणून अडगळ उपसताना घरातील वडीलधाऱ्यांना जवळ बसवावे. बाटलीवरील अक्षरे आणखी शंभर वर्षे टिकतील. त्यांचा अर्थ सांगणारी माणसे तितकी थांबत नाहीत.