पडदास्मृति-संरक्षण

संगणकाच्या पडद्यावरील दृश्य ज्या स्मृतिभागात साठविलेले असते, त्यास पडदास्मृती किंवा फ्रेमबफर म्हणतात. १,९२० × १,०८० चित्रबिंदूंच्या पडद्यास, प्रत्येक बिंदूस ४ बाइट धरल्यास, ८२,९४,४०० बाइट स्मृती लागते. पडद्यावरील खासगी पत्र वा बँकेचे खाते या स्मृतीत उघड रूपात असते. ती वाचू शकणाऱ्या परक्या कार्यक्रमास परवलीच्या शब्दाची गरज उरत नाही व मूळ फाइलीचे संरक्षण निष्फळ ठरते.

लिनक्स या परिचालन प्रणालीत ही स्मृती आलेखिकी चालकाच्या ताब्यात असते. २००८ मध्ये तीत आलेल्या ‘जेम’ पद्धतीत स्मृतिखंड दुसऱ्या कार्यक्रमास देण्यासाठी सामाईक क्रमांक वापरीत. हे क्रमांक अनुमानाने ओळखता येत. त्यामुळे चालकाची मान्यता मिळालेला कोणताही कार्यक्रम इतरांचा खंड उघडू शके. पुढे आलेल्या ‘डीएमए-बफ’ पद्धतीत खंडाचा फाइल-निर्देशक ज्याचा त्याने मुद्दाम सोपवावा लागतो. चालू दृश्याची चौकशी करणाऱ्या सामान्य कार्यक्रमास त्याची लांबी-रुंदी कळते. स्मृतीपर्यंत नेणारे हँडल मात्र पडद्याच्या नियंत्रक कार्यक्रमास किंवा प्रशासकीय अधिकार असणाऱ्यासच मिळते. २०१४ मधील ३.१७ या आवृत्तीपासून रेखाटनासाठी ‘रेंडर नोड’ ही स्वतंत्र वाट नेहमीची झाली. तिच्यातून सामाईक क्रमांकाने खंड उघडता येत नाही व पडद्याचे नियंत्रणही मिळत नाही.

एवढ्याने संरक्षण पूर्ण होत नाही. जुन्या एक्स विंडो प्रणालीत जोडलेला कार्यक्रम सामान्यतः संपूर्ण पडदा वाचू शकतो; ‘वेलँड’ व्यवस्थेत प्रत्येक कार्यक्रमास केवळ स्वतःची खिडकी उपलब्ध असते.